गाडीतला तंबोरा

गाडीत नवा स्टिरिओ बसवला ही बातमी आमच्या नातेवाइकांत जरा जास्तच वेगाने पसरली. पुण्याच्या पुतणीने फोन करून "काका, या वयात?" असं विचारलं. धाकट्या मेहुण्यांनी तर पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर सबवूफर बसवल्याबद्दल माझं अभिनंदनच केलं. सबवूफर बसवलेला नाही, हे आधी सांगून टाकतो. पण खर्च केलाय, विचारपूर्वक केलाय, आणि तोही 12 वर्षं वापरलेल्या गाडीवर. त्याचं कारण आणि हिशेब दोन्ही एकदाच सगळ्यांना सांगावेत म्हणून लिहायला बसलो. ज्यांना फक्त 'कुठले स्पीकर घेऊ?' एवढंच हवंय त्यांनाही यात काहीतरी सापडेल. मधे मधे मास्तर डोकावेल, त्याला इलाज नाही. 34 वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलंय.

तर मंडळी, कारण आधी.

आमच्या सौ.चं माहेर मिरज. तिचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो, आता 84 वर्षांचे आहेत आणि एकटे राहतात. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी मलकापूर ते मिरज ही फेरी ठरलेली. महामार्गाने पेठ नाका, तिथून आष्टा, सांगली आणि मग मिरज, असं सगळं मिळून 80-85 किलोमीटर. मी सावकाश चालवतो, म्हणजे दोन तास जायला आणि दोन यायला. या चार तासांत गाडी मी चालवायची आणि गाणं तिने लावायचं, ही आमची कितीतरी वर्षांची वाटणी. लग्नाआधी ती मिरजेत 6 वर्षं गाणं शिकली होती. पुढे संसार, माझ्या बदल्या, सासू-सासऱ्यांची आजारपणं, मुलांच्या परीक्षा... तंबोरा माहेरीच राहिला. घरात गाणं लावावं तर कुकरची शिट्टी, दाराची बेल, नाहीतर शेजारच्या वहिनी. गाडीत मात्र ती आणि गाणं. एखादी सुंदर जागा आली की हात वर करून मला गप्प करणार आणि जागा होऊन गेली की विचारणार, "ऐकलंत?" मला कळलेली असो वा नसो, मी मान डोलावणार.

दोनेक वर्षांपूर्वी ती पेठ नाका यायच्या आतच म्हणायला लागली, "बंद करा हो ते. नुसता गोंगाट आहे." आधी वाटलं मूड नसेल. मग प्रत्येक फेरीला तेच. शेवटी शेवटी तर ती गाणं लावेनाशीच झाली. खिडकीबाहेरचा ऊस बघत बसायची. मी काही बोललो तर "काय?" आणि पुन्हा सांगितलं तर "असू दे". चार तासांचा प्रवास असा गेला की माणूस दमतो, आणि तो गाडी चालवून दमत नाही.

मग कानाची तपासणी झाली. डॉक्टरांनी एक आलेख हातात दिला. डावीकडे खर्ज, उजवीकडे तार, आणि रेघ जितकी खाली तितकं ऐकू येणं कमी. हिची रेघ 1000 हर्ट्झपर्यंत बरी चालते, 2000 च्या पुढे कुंभार्ली घाट उतरावा तशी खाली जाते. वयाप्रमाणे होणारं हे सगळ्यात नेहमीचं नुकसान. कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्यातल्या वरच्या कंपनांच्या पेशी आधी जातात आणि पुन्हा उगवत नाहीत. तरुण निरोगी कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकू येतं असं पुस्तकात असतं. आमच्या वयात त्यातले वरचे मजले रिकामे झालेले असतात. माझेही झालेत, हिचे जरा जास्त.

आता इथे मराठीच्या मास्तराला बोलायचा हक्क आहे. भाषेतले स्वर, म्हणजे अ आ इ ई, यांची बरीचशी ताकद खालच्या कंपनांत असते. व्यंजनांचं, विशेषतः श, ष, स या ऊष्म वर्णांचं काम वर चालतं. 'स'चा सळसळाट 4000 हर्ट्झच्या वरच जास्त असतो. त्यामुळे असं होतं की बोलणाऱ्याचा आवाज तर येतो, पण शब्द कळत नाही. 'पाट', 'ताट', 'काठ' या सगळ्यांतला 'आ' पोचतो आणि बाकीचं वाटेत गळतं. वर्गात मी वर्षानुवर्षं शिकवत आलो की स्वर स्वतंत्र आणि व्यंजन स्वराच्या आधाराने उभं. म्हातारपणी कळतं की उच्चाराला व्यंजनाला स्वर लागतो, पण अर्थाला व्यंजन लागतं.

घरातल्या शांततेत ती बरंच ऐकू शकते. गाडीत मात्र रस्त्याची घरघर असते. छोटी गाडी 80 च्या वेगाने चालली की आत 70 डेसिबलच्या आसपास आवाज असतो, आणि दोन माणसांचं साधं बोलणं 60 च्या आसपास. टायरचा आणि इंजिनाचा हा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला. तिला जे चांगलं ऐकू येतं नेमकं त्यावरच तो बसतो, आणि मोठा झाला की वरचंही झाकून टाकतो. थोडक्यात, वरचं कानाने नेलं आणि खालचं रस्त्याने. उरला तो गोंगाट. तिचा शब्द अगदी बरोबर होता.

श्रवणयंत्रं घेतली. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण त्यात एक मजा आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, आईच्या मशीनला ब्लूटूथ आहे. मोबाइलवरून गाणं थेट तिच्या कानात जाईल. गाडीवर कशाला खर्च करताय?" सूचना शहाणपणाची होती. पैशाच्या हिशेबाने तर नक्कीच. पण मग तिच्या कानात गाणं आणि मला रस्ता, असा प्रवास झाला असता. ती हात वर करून गप्प करणार कुणाला आणि "ऐकलंत?" विचारणार कुणाला? तिने घरी एकदा तसं ऐकून पाहिलं. म्हणाली, "गाणं डोक्याच्या आत वाजतंय. गाणारी बाई समोर बसलेली पाहिजे." विषय संपला. दोघांनी एकच गाणं ऐकायचं असेल तर गाडीतल्या हवेतूनच यायला हवं.

कराडला माझा एक जुना विद्यार्थी गाड्यांच्या सजावटीचं आणि म्युझिक सिस्टिमचं दुकान चालवतो. शाळेत शेवटच्या बाकावर बसायचा आणि बाकाखाली रेडिओ उघडून बसायचा. त्याच्याकडे गेलो. "सर, तुमी नुसतं सांगा, दार हादरवून टाकतो," हे त्याचं पहिलं वाक्य. दार हादरू नये म्हणूनच आलोय असं सांगितल्यावर तो जरा विचारात पडला. त्याची सगळी गिऱ्हाइकं हादरवायला येतात. (मला 1990 च्या दशकातल्या कराड स्टँडबाहेरच्या वडापच्या जिपा आठवल्या. सीटच्या मागे दोन भलेमोठे स्पीकर, ताणून लांब झालेली कॅसेट, आणि गायकाचा आवाज पाण्यात बुडतोय की काय असा.)

आवाज मोठा करणं हा उपाय का नाही, ते सांगतो. आवाज 3 डेसिबलने वाढवायचा तर दुप्पट वॅट लागतात. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल वाढ लागते, म्हणजे दहापट वॅट. आणि गाडीच्या स्टिरिओत वॅट असतात किती? पेटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 50 गुणिले 4. इंजिन चालू असताना गाडीची वीज 14 व्होल्टच्या आसपास, स्पीकर सहसा 4 ओहमचा. हे दोन आकडे मांडले की अगदी उदारपणे 24-25 वॅटच्या वर शुद्ध आवाज निघू शकत नाही. पुढचं सगळं फाटलेलं. पूर्वी टेपरेकॉर्डरवर '1000 वॅट पीएमपीओ' असं लिहिलेलं असायचं, त्या मानाने ही सुधारणाच म्हणायची. खरेदी करताना 'आरएमएस' हा आकडा विचारावा, तोच काय तो कामाचा.

त्याऐवजी स्पीकरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून एक आकडा असतो. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, तो. एकाचा 88 आणि दुसऱ्याचा 91 असेल तर दुसरा स्पीकर तेवढ्याच विजेत दुप्पट वॅट दिल्यासारखा वाजतो. फुकटात. आम्ही 91 वाले घेतले आणि वेगळा अँप्लिफायर घेतलाच नाही. माझ्या विद्यार्थ्याला हे पटायला वेळ लागला, कारण अँप्लिफायरमध्ये त्याला चार पैसे सुटले असते. पण पटलं.

आता दार.

दुकानात आतलं प्लॅस्टिकचं आवरण काढून दार उघडं ठेवलं होतं. आमच्या सौ. खुर्चीवर बसून बघत होत्या. उठल्या आणि बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक केलं. मग म्हणाल्या, "हा भोपळा फुटका आहे."

तो पोरगा माझ्याकडे बघायला लागला. पण ज्याचं बालपण मिरजेत गेलंय त्याला हे लगेच कळेल. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली आणि पिढ्यानपिढ्या तंबोरे, सतारी करत राहिली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हिच्या शाळेची वाट त्या गल्लीतून जायची. छताला टांगलेले वाळके भोपळे, लाकडाचा भुसा, आणि एखादा कारागीर घोडीवर कानस फिरवत तीच ती तार पुन्हा पुन्हा छेडतोय... हे तिने मला इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथे वाढलो असं वाटतं. भोपळा निवडताना तो वाजवून बघतात. भिंत कुठे पातळ, कुठे जाड, कुठे चीर, हे पेराच्या आवाजात कळतं.

तंबोऱ्यात तारेपेक्षा भोपळा आणि घोडी यांचं काम मोठं. तार एकटी छेडली तर किणकिण एवढीच. ती कंपनं घोडीतून तबलीत आणि भोपळ्यात जातात, तिथे हवा धरून मोठी होतात. आणि जवारी म्हणजे घोडीचा तो किंचित गोलसर माथा, ज्यावर तार टेकते-न टेकते अशी घासत राहते. खाली सुताचा धागा सरकवून ते नेमकं जुळवायचं. मग एका तारेतून वरचे कितीतरी स्वर झंकारत बाहेर पडतात. खर्ज लावला आणि त्यात गंधार आपोआप ऐकू आला की जवारी लागली म्हणायची. म्हणजे तंबोऱ्याने सगळ्या अंगाने गायचं असतं.

गाडीच्या दाराने नेमकं उलट करायचं असतं. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या विरुद्ध. दाराच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं असतात, त्यातून मागचा आवाज पुढे येऊन पुढच्याला खातो. खर्ज जातो. वर पातळ पत्रा स्वतःच्या सुरात थरथरतो, प्लॅस्टिकच्या चिमट्या खडखडतात, काच हलवायची दांडी झणझणते. गंमत म्हणजे ही झणझण बरोबर जवारीच्या आसपासच्या पट्टीत येते. त्यामुळे तंबोऱ्याचा झंकार कुठला आणि दाराचा कुठला, हे चांगल्या कानालाही वेगळं करता येत नाही. जुन्या सिस्टिमवर जो 'भरघोस' आवाज वाटायचा त्यातला बराच दाराचा होता.

त्यावर उपाय म्हणजे ब्यूटाइल रबराच्या चिकट शीट्स, ज्यांच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. त्या बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवून छोट्या रुळाने दाबत बसायचं, म्हणजे पत्रा मुका होतो. मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करायची. सगळी नाही! दाराच्या अगदी तळाशी पावसाचं पाणी जायला बारीक भोकं असतात, त्यांना हात लावायचा नाही. कोयनेच्या अंगाचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला हे सांगायला नको. काम झाल्यावर त्याने काचेवर पाइपने पाणी सोडलं आणि तळातून धार निघते की नाही ते मला वाकून दाखवलं. शाळेत वही कधी पूर्ण नसायची याची. इथे मात्र एकेक चिमटी फोममध्ये गुंडाळून बसवली.

दोन दारांना दीड दिवस लागला. सौ.नी पुन्हा टकटक केलं. आता लाकडावर वाजवल्यासारखा 'ठप्प' असा आवाज. "आता ठीक," एवढंच म्हणाल्या. आणि याचा एक फायदा मी धरला नव्हता. दार मुकं झाल्याबरोबर बाहेरची घरघरही थोडी कमी आत येते. म्हणजे गाणं मोठं न करता मोठं झालं. मला विचाराल तर ज्याच्याकडे फक्त 5000 रुपये आहेत त्याने नवीन स्पीकर घेऊच नयेत, आधी दारं करून घ्यावीत.

स्पीकर आम्ही दोन भागांचे घेतले. साडेसहा इंची मोठा दारात खाली, आणि रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा ट्वीटर वर, आरशामागच्या तिकोनात. कारण वरची कंपनं सरळ रेषेत जातात. ट्वीटर दारात पायापाशी असला की तो माणसाच्या पोटरीला आणि साडीच्या निऱ्यांना गाणं ऐकवतो. ज्याला वरचं आधीच कमी ऐकू येतं त्याच्यासाठी तर तो कानाच्या उंचीलाच हवा. जोडताना तारांची अधिक-उणे बाजू चुकली तर दोन स्पीकर एकमेकांशी भांडतात, खर्ज नाहीसा होतो आणि गाणाऱ्याचा आवाज कुठून येतोय ते कळत नाही. त्याने पेन्सिल सेल लावून बघितलं. सेलची अधिक बाजू अधिकला लावली की पडदा बाहेर सरकतो. इतकी सोपी परीक्षा आहे.

मग आली ती खरी गंमत. आपण दोन स्पीकरच्या बरोबर मधे कधीच बसत नाही. डावीकडे बसणाऱ्याला डावा स्पीकर जवळ, उजवा साधारण अर्धा मीटर लांब. आवाज सेकंदाला 340 मीटर जातो, म्हणजे जवळचा आवाज दीड मिलिसेकंद आधी पोचतो. एवढ्याशा फरकाने कान ठरवून टाकतो की गाणं डाव्या दारातून येतंय. नव्या स्टिरिओत जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर करायची सोय असते. दोन्हीकडचा आवाज एकदम पोचला की गाणारा दार सोडून समोर काचेपाशी येऊन बसतो. जादू वाटावी इतका फरक पडतो.

पण एका वेळी एकाच सीटसाठी. माझ्या विद्यार्थ्याने सवयीने चालवणाऱ्याच्या सीटचं माप घ्यायला टेप काढली. मी म्हटलं, "डावीकडचं घे."

"सर, पन चालवनार तर तुमी..."

"डावीकडचं घे रे."

घेतलं. आता मला हिराबाई माझ्या उजव्या गुडघ्यापाशी बसून गातात आणि तिला समोर, बरोबर मधे. चालतंय की.

इक्वलायझरला आम्ही फार हात लावला नाही. 'लाउडनेस' आणि 'बेस बूस्ट' ही दोन बटणं पहिल्यांदा बंद केली. खर्ज वाढवला की तो वरच्या शब्दांवर पांघरूण घालतो, आणि रस्ता ते काम आधीच करतोय. 2000 ते 4000 हर्ट्झमध्ये अगदी थोडं वाढवलं आणि 200 च्या आसपास थोडं कमी केलं. ती सीटवर बसून "आता 'श' आला", "नाही, आता कर्कश झालं" असं सांगत होती आणि विद्यार्थी आज्ञाधारकपणे बोट फिरवत होता.

गाणी कुठून वाजवायची हाही प्रश्न होता. जत्रेत मिळणारी '2000 सदाबहार गाणी' छाप पेनड्राइव्ह सुट्टीवर आलेल्या नातवाने जप्त केली. फाइल लहान करताना त्यातली माहिती इतकी फेकून दिलेली असते की 'स'च्या जागी फसफस आणि तंबोऱ्याच्या जागी पाण्याचे बुडबुडे ऐकू येतात. घरात जपलेल्या सीडी होत्या. सीडीवर सेकंदाला 44,100 वेळा आवाजाची नोंद असते, ती एकही न गाळता फ्लॅक नावाच्या प्रकारात उतरवता येते. एका सीडीला साधारण 300-400 मेगाबाइट. 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर आमचं सगळं गाणं मावलं आणि वर जागा उरली. इथे जुन्या तबकड्यांबद्दल एक सांगायला हवं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 1930 च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका, किंवा त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांच्या (त्यांचा जन्म मिरजेचाच, 1905 चा), या 78 च्या तबकड्यांवरच्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. त्या काळच्या यंत्रांना फार वरची कंपनं पकडताच यायची नाहीत. म्हणजे हिच्या कानाला जे ऐकू येत नाही ते बरंचसं त्या तबकडीवरही नाही. नव्या चकचकीत ध्वनिमुद्रणांपेक्षा तिला हीच गाणी जास्त पुरी पोचतात. खरखर साफ करून, कृत्रिम घुमारा घालून विकलेल्या आवृत्त्या मात्र घेऊ नयेत असं माझं मत. खरखरीबरोबर तंबोराही पुसला जातो.

तंबोरा पुसला जाण्यावरून श्रवणयंत्राची मजा सांगायची राहिली. सगळं बसवून झालं, गाणं लावलं, आवाज स्वच्छ, शब्द कळतायत, आणि ही म्हणते, "तंबोरा कुठे गेला?" मला तर ऐकू येत होता. विद्यार्थ्यालाही. तिने यंत्रं कानातून काढली तर तिला पुसटसा ऐकू आला, घातली की गायब! त्याचं कारण श्रवणयंत्र बसवून देणाऱ्या बाईंनी सांगितलं. यंत्र बोलणं ऐकवण्यासाठी बनवलेलं असतं. बोलणं सतत चढतं-उतरतं. जो आवाज सलग एकसारखा चालू आहे तो यंत्राच्या मते पंखा, मोटर किंवा रस्ता, म्हणून ते त्याला दाबतं. तंबोऱ्याचं तर कामच सलग एकसारखं चालू राहायचं! यंत्राने बिचाऱ्या तंबोऱ्याला पंख्यात जमा केलं होतं. लांबवलेल्या शुद्ध स्वरालाही ते कधी कधी स्वतःचीच शिट्टी समजतं. बाईंनी यंत्रात 'संगीत' असा वेगळा कार्यक्रम घालून दिला, ज्यात ही दाबादाबी बंद असते. बटण दाबून बदलता येतो. ज्यांच्या घरी श्रवणयंत्र आणि गाण्याची आवड दोन्ही आहेत त्यांनी हे मुद्दाम मागून घ्यावं. मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही.

आता हिशेब. स्टिरिओ 12,000, पुढचे स्पीकर 6,500, शीट्स आणि फोम 5,000, तारा वगैरे 1,000, मजुरी 2,500. एकूण 27,000. मजुरी तो घेत नव्हता, "सर, तुमच्याकडून कसं घेऊ," म्हणाला. घ्यायला लावली.

जाता जाता तरुण मंडळींसाठी एक. 85 डेसिबल आवाज दिवसाला 8 तास चालतो असं धरतात. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला 4 तास, 91 ला 2. गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर नाचताना हे गणित करून बघा. शंखातल्या त्या पेशी परत येत नाहीत. आणि गाडीतही आवाज एवढाच ठेवावा की मागचा हॉर्न ऐकू येईल. आमच्या मलकापुरात कृष्णा हॉस्पिटल महामार्गालगत असल्याने मागून रुग्णवाहिका केव्हाही येते, तिचा भोंगा ऐकू आलाच पाहिजे. असो.

गेल्या महिन्यात पहिली फेरी झाली. सगळं जमलं असं नाही. आष्ट्याच्या अलीकडे रस्त्याचा एक खडबडीत पट्टा आहे, तिथे कुठलाच स्टिरिओ चालणार नाही. तिने तिथे स्वतःच आवाज बंद केला आणि पट्टा संपल्यावर पुन्हा लावला. सांगली यायच्या थोडं आधी तिचा हात वर गेला. मी गप्पच होतो, तरी गेला. जागा होऊन गेल्यावर म्हणाली, "ऐकलंत? निषाद कसा लागला?" मला माझ्या गुडघ्यापाशी जेवढा ऐकू आला तेवढा आला होता. मी मान डोलावली. "तुम्हाला काही कळलेलं नाही," ती म्हणाली, आणि ते गाणं पहिल्यापासून लावलं.

मिरजेत दादांना घेऊन दर्ग्यापर्यंत चक्कर मारून आलो. अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच विसावले आहेत. दादा मागच्या सीटवर होते. गाणं चालू होतं, पण मागची दारं अजून जुनीच, स्पीकर जुने, आणि सगळी मापं पुढच्या डाव्या सीटची. दादा थोडा वेळ ऐकून म्हणाले, "छान आहे रे, पण पुढे कुणीतरी माझ्याकडे पाठ करून गातंय असं वाटतंय."

दोन शीट्स शिल्लक आहेत, आणखी चार लागतील. पुढच्या शनिवारी मागच्या दारांचं काम काढलंय.